निळूभाऊंना एका डायलॉगात कोंबू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मागच्या काही रविवारांपासून जुन्या मराठी पिक्चरबद्दल वाचकांची पत्रं छापून येऊन राहिली, आमच्या गावात टपरीवर पेपर आला की राजकारणाच्या आधी तेच पान निघते आणि मग ज्याला त्याला आपापला हिरो आठवते. कोणी लिहिते डॉ. श्रीराम लागूंच्या तोडीचा नट पुन्हा झाला नाही, कोणी अशोक सराफांसाठी भांडते, कोणी दादा कोंडकेंसाठी, बरं वाटते वाचून. पण निळू फुलेंचं नाव जिथे जिथे आलं तिथे 'खलनायक' एवढ्यावरच गाडी थांबली, आणि एका वाचकाने तर सरळ लिहिलं की लागू हे अभिनेते होते आणि निळू फुले हे व्हिलन होते. हे मात्र मनाला लागलं, म्हणून हे पत्र. लांब झालं तर दोन भागात टाका पण मधून कापू नका ही विनंती.

आमच्या गावातल्या पोट्ट्यांना विचारा निळू फुले कोण, तर ओठ वाकडा करून, डोळे बारीक करून 'बाई, वाड्यावर या' म्हणून दाखवतात. वरातीत तेच, गणपतीत तेच, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तेच, आणि मोबाईलवर तर विचारूच नका. पोट्ट्यांचा राग नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचलंच तेवढं. पण ज्यांनी टॉकीजमध्ये बसून अख्खे पिक्चर पाहिले त्या माझ्या वयाच्या लोकांनी पण तेवढंच धरून बसावं हे काही पटत नाही.

इकडे बहिरमच्या यात्रेत, गावोगावच्या जत्रेत टुरिंग टॉकीज यायची, कनात लावलेली, मधात दोरी बांधून बायका एका अंगाला माणसं एका अंगाला, खाली बसायला आपलं पोतं आपण न्यायचं, रीळ बदलायला थांबलं की शिट्ट्या. निळूभाऊ पडद्यावर आले, नुसती टोपी सरकवून कोणाकडे पाहिलं की बायकांच्या बाजूने सुरू व्हायचं, "जयलं याचं थोबाड", "मुर्दा निंघो याचा", माझी आजी तर बोटं मोडायची आणि घरी येईपर्यंत त्याचंच नाव घ्यायची, हिरोचं नाव तिला कधी आठवलं नाही. नटाचं काम इतकं खरं वाटावं की समोरच्या बाईने त्याला शाप द्यावा, याच्यापेक्षा मोठी पावती कोणती असते मला सांगा. पण तीच पावती त्यांच्या गळ्यात अडकली, लोकांनी त्यांना दुसरं काही करताना पाहायचंच बंद केलं.

आता त्यांचे व्हिलन पण एकसारखे नव्हते हे नीट पाहिलं की कळते. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने त्यांचं नाव झालं, त्यानंतर १९६८ मध्ये अनंत मानेंच्या 'एक गाव बारा भानगडी'मध्ये ते झेलेअण्णा म्हणून आले, तो पहिला पिक्चर. त्याच्यानंतर 'सोंगाड्या', 'पिंजरा' आणि मग रांगच लागली. या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात घ्या, हा माणूस ओरडत नाही. त्या काळचे बाकीचे व्हिलन आठवा, डोळे वटारून, छाती फुगवून, हॉ हॉ हसून पडदा हलवायचे. निळूभाऊ आवाज खाली नेतात, शब्द थोडे चावून, थोडे ओढून बोलतात, समोरच्याला वाकून ऐकावं लागते. हे त्यांना कुठून सुचलं असेल ते आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या आज्याचं वावर ज्या सावकाराने लिहून घेतलं तो घरी येऊन कधी चढ्या आवाजात बोलला नाही असं माझे वडील सांगत, चहा प्यायचा, पोरांची विचारपूस करायचा, पावसाचं बोलायचा आणि उठता उठता कागद पुढे करायचा. शहरातल्या वाचकाला निळू फुले 'भडक' वाटत असतील तर वाटो, आम्हाला ते ओळखीचे वाटायचे आणि म्हणूनच भीती वाटायची.

'सामना' घ्या. जब्बार पटेलांचा पहिला पिक्चर, लिहिलेला विजय तेंडुलकरांनी, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला होता. हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले आणि मास्तर म्हणजे लागू. गावात एक दारुडा म्हातारा येते, तोच हा मास्तर, हिंदुरावाला वाटते हा कोणी वरून पाठवलेला माणूस आहे की काय, म्हणून तो त्याला घरी आणते, खाऊ पिऊ घालते, आपला सगळा कारभार दाखवते, कारखाना काय, सोसायटी काय. आणि या म्हाताऱ्याच्या कानावर एक नाव पडते, मारुती कांबळे, मग तो तेवढंच विचारत सुटते, मारुती कांबळेचं काय झालं. लोक म्हणतात हा लागूंचा पिक्चर, त्यांचा मास्तर अफाट आहे याच्यात वाद नाही, पडलेला, हरलेला, दारूत बुडालेला माणूस एका प्रश्नावर पुन्हा उभा राहते हे त्यांनी काय दाखवलं आहे. पण तो प्रश्न ज्याच्यावर जाऊन आपटते त्या माणसाकडे पाहा ना. चेहऱ्यावरचं यजमानाचं हसू निळूभाऊ हलू देत नाहीत, फक्त डोळे थांबतात. आधी त्याला वाटते म्हाताऱ्याला पैसा पाहिजे, मग वाटते मान पाहिजे, आणि जेव्हा कळते की याला काहीच नको तेव्हा हा एवढा मोठा पुढारी आतून घाबरते. आणि त्याच्यातच त्याला त्या मास्तरबद्दल एक जिव्हाळा पण वाटून राहिला असते, हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी. नुसता व्हिलन करणारा नट असता तर त्याने हिंदुरावाला राक्षस करून टाकलं असतं आणि पिक्चर तिथेच मेला असता. हिंदुरावाने गावासाठी खरोखर काहीतरी केलं आहे, लोकांना पाणी, काम, शाळा दिली आहे असं त्याला स्वतःला मनापासून वाटते, आणि त्याच हाताने माणूस गायब झाला. आमच्याकडे साखर कारखाने म्हणावे तसे नाहीत, जिनिंग आहेत, खरेदी विक्री संघ आहेत, शिक्षणसंस्था आहेत, पण हिंदुराव कुठल्या तालुक्यात नाही ते सांगा. मी हा पिक्चर गावातल्या चार तरण्या पोरांना लावून दिला, काळा पांढरा म्हणून आधी कुरकुर केली, मग गप बसले आणि संपल्यावर एकाने आमच्याच भागातल्या एका पुढाऱ्याचं नाव घेतलं, सगळे एकदम हो म्हणाले. नाव इथे लिहीत नाही.

पण खरं सांगायचं तर माझ्या लेखी निळू फुलेंचं सगळ्यात मोठं काम 'सिंहासन'मधलं आहे, आणि त्याच्याबद्दल तुमच्या पानावर एकाही पत्रात एक ओळ आली नाही. १९७९ चा पिक्चर, पुन्हा जब्बार पटेल आणि तेंडुलकर, आणि मूळ कादंबऱ्या अरुण साधूंच्या. अरुण साधू म्हणजे आपल्या परतवाड्याचे. आणि त्यातलं 'उषःकाल होता होता' लिहिणारे सुरेश भट अमरावतीचे. मुंबईच्या सत्तेवरचा एवढा मोठा पिक्चर आणि त्याच्या मुळाशी आपल्या जिल्ह्याची दोन माणसं, हे इकडच्या किती लोकांना माहीत आहे कोणास ठाऊक, शाळेत तरी सांगायला पाहिजे.

तर त्यात एवढी तालेवार माणसं आहेत. अरुण सरनाईक मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे, लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषी कामगार पुढारी डिकास्टा, मोहन आगाशे, दत्ता भट, मधुकर तोरडमल, नाना पाटेकर तर तेव्हा नवीन. सगळ्यांना बोलायला आहे, भाषणं आहेत, डाव आहेत, फोनवरच्या धमक्या आहेत. आणि निळू फुलेंना काय आहे, तर दिगू टिपणीस नावाचा एक पत्रकार, जो याच्याकडे जाते, त्याच्याकडे जाते आणि ऐकते. बस ऐकते. मंत्री त्याच्यासमोर मन मोकळं करतात, खोटं बोलतात, त्याला वापरून घेतात, आणि हा मान हलवते, मधात एखादा प्रश्न टाकते. ज्या माणसाला पाहून बायका बोटं मोडायच्या त्याच माणसाच्या अंगात इथे वाकडेपणाचा लवलेश नाही, टोपी नाही, मिशीला पीळ नाही, ओठ वाकडा नाही, गर्दीत हरवून जाईल असा साधा थकलेला माणूस. आणि पूर्ण पिक्चरभर तुम्ही जे काही पाहता ते त्याच्या कानाने आणि त्याच्या डोळ्याने. एकेक गोष्ट त्याच्या आत जाऊन साचत जाते आणि बाहेर काहीच येत नाही, भरून आलेलं आभाळ जसं दिवसभर नुसतं दाटून राहते तसा तो माणूस दिसते. आणि शेवटी जेव्हा सगळे डाव संपतात, खुर्ची आहे तिथेच राहते, तेव्हा तो हसत सुटते. वेड लागल्यासारखा हसते. ते हसणं ज्याने ऐकलं त्याने मला सांगावं की हा नट फक्त व्हिलन होता. माझ्या अंगावर आजही काटा येते, आणि त्या हसण्यात गंमत अशी काही नाही, तो माणूस आतून फुटला आहे हे कळते.

अरुण सरनाईकांबद्दल पण दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण त्यांना तर लोक पार विसरले. 'सवाल माझा ऐका', 'केला इशारा जाता जाता', 'मुंबईचा जावई' करणारा हसरा देखणा हिरो, गळा गोड, आणि तोच माणूस 'सिंहासन'मध्ये मुख्यमंत्री होऊन असा थंड बसते की समोर बसलेल्या दाभाड्याला पण कळत नाही याला काय माहीत आहे आणि काय नाही. लागू आणि सरनाईक एकाच खोलीत असतात तेव्हा दोघंही सभ्यपणे बोलतात आणि पाहणाऱ्याला घाम फुटते. १९८४ मध्ये अपघातात गेले, वय काही जास्त नव्हतं. पुढची वीस वर्षं मिळाली असती तर आज लागू की निळू फुले असा वाद न होता तिसरं नाव पण त्याच ओळीत असतं असं माझं ठाम मत आहे.

आता लागूंबद्दल. मी त्यांच्या विरोधात लिहून राहिलो असं कोणी समजू नका, निळू फुले आणि लागू हे तर एकमेकांचे जिवाभावाचे होते, दोघांनी मिळून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, चळवळीतल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. निळूभाऊ मूळचे राष्ट्र सेवा दलाचे, पुण्यात मिलिटरीच्या मेडिकल कॉलेजात माळीकाम केलेला माणूस. पडद्यावर दुसऱ्याचं वावर लाटणारा आणि पडद्याबाहेर कार्यकर्त्यांसाठी झोळी घेऊन फिरणारा, हे पोट्ट्यांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही.

लागूंचं नाव निघालं की सगळे 'पिंजरा' म्हणतात, आणि बरोबरच आहे, १९७२ चा तो पिक्चर इकडे किती चालला ते जुन्या लोकांना विचारा, गुरुजीचं अधःपतन पाहून आमच्या गावचे मास्तर दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते म्हणतात. पण विदर्भातल्या वाचकांनी लागूंचा 'देवकीनंदन गोपाला' विसरावा याचं मला आश्चर्य वाटते. १९७७ चा, राजदत्तांचा, राजदत्त पण मूळचे विदर्भातलेच. गाडगेबाबांवरचा पिक्चर. बाबांचं शेंडगाव आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, आणि मामाचं दापुरा पूर्णेच्या पलीकडे मूर्तिजापूरकडे, जिथे डेबूने, म्हणजे लहानपणीच्या बाबांनी, गुरं राखली, वावर कसलं आणि सावकाराला तोंड दिलं. आमच्या भागात बाबांना प्रत्यक्ष पाहिलेली, त्यांच्यासोबत झाडू घेतलेली माणसं माझ्या लहानपणी घरोघरी होती. अशा लोकांसमोर साताऱ्यात जन्मलेला, पेशाने कानानाकाघशाचा डॉक्टर असलेला, देव न मानणारा माणूस गाडगेबाबा म्हणून उभा करायचा ही काय साधी गोष्ट होती का.

आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांचं मत तेव्हा असं पडलं होतं की चाल जमली, नजर जमली, बोली जमली नाही. मलाही तेच वाटते. वऱ्हाडीचा जो सैल ठसका आहे तो त्यांच्या जिभेवर पूर्ण बसत नाही, मधून मधून नाटकाच्या रंगमंचावरचं घडीव मराठी डोकावते. पण ज्यांना तुलना करायची त्यांनी बाबांचं खरं कीर्तन ऐकावं, ८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं, शेवटचं, त्याचं रेकॉर्डिंग आहे. बाबा लोकांना विचारतात, लोक उत्तर देतात, बाबा पुन्हा विचारतात, असं विचारत विचारत ते माणसाला अशा जागी आणून सोडतात की त्याला स्वतःच्याच तोंडाने कबूल करावं लागते, पोराला शाळेत घाला, कर्ज काढून लग्न करू नका, बकरं कापू नका. लागूंनी हे विचारणं पकडलं आहे. ते कीर्तनकाराचा आव आणत नाहीत, भक्तीचा गहिवर पण काढत नाहीत, समोरच्याला सोडायचं नाही एवढंच ठरवून उभे राहतात. 'देवाला रिटायर करा' म्हणणारा माणूस देवकीनंदन गोपाला म्हणते आणि कुठेही खोटं वाटत नाही, कारण दोघांचं भांडण एकाच गोष्टीशी होतं, दगडाला दूध आणि माणूस उपाशी. पुढे मोहन जोशींनी पण 'डेबू'मध्ये बाबा केले, चांगले केले, पण माझ्या डोळ्यासमोर बाबा म्हटलं की खऱ्या बाबांच्या फोटोच्या पाठोपाठ लागूच येतात.

बायकांच्या कामाबद्दल तुमच्या पानावर तर जवळपास काहीच आलं नाही, 'उंबरठा'तली स्मिता पाटील सोडली तर. 'अरे संसार संसार'मधली रंजना कोणाला आठवत नाही का? अनंत मानेंचा, १९८१ चा. 'काळ्या मातीत मातीत' हे तिफणीचं गाणं त्यातलंच, लिहिलेलं अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी, आणि आजही मृग लागला, वावरात तिफण निघाली की कोणाच्या तरी मोबाईलवर ते वाजतेच. कास्तकाराच्या बायकोचं काम करणाऱ्या नट्या पुष्कळ झाल्या, बऱ्याच जणींच्या अंगावरचं लुगडं तेवढं शेतकऱ्याचं असते. रंजना वाकते कशी, उभी कशी राहते, घाम पुसते कशी ते पाहा, बाईला काम माहीत आहे असं वाटते. ज्या नटीने 'चानी' केली तिनेच हे केलं आणि तिनेच अशोक सराफांसोबत लोकांना पोट धरून हसवलं. तिच्यावर एक पूर्ण रविवार द्या, मी पुन्हा लिहीन.

आता मुद्द्याचं, ज्याच्यासाठी खरं म्हणजे पेन उचलला. हे पिक्चर पाहायचे तर कुठे पाहायचे? तालुक्याच्या जुन्या टॉकीजचं कुठे मंगल कार्यालय झालं, कुठे गोडाऊन झालं. मोबाईलवर जे मिळते त्यात आवाज खरखरते, चेहरे धुवून निघालेले, मधले तुकडे गायब. जो नट नुसत्या डोळ्यांनी काम करते त्याचे डोळेच दिसले नाही तर पोरांना काय कळणार, मग ते रीलच पाहतील, त्यांचा काय दोष. पुण्याला सरकारचं फिल्म संग्रहालय १९६४ पासून आहे, तिथे जुन्या पिक्चरच्या चांगल्या प्रती करण्याचं काम चालते असं वाचतो, पण आमच्यापर्यंत त्यातलं काही येत नाही. सह्याद्री वाहिनीने आणि सांस्कृतिक खात्याने मनावर घेतलं तर 'सामना', 'सिंहासन', 'देवकीनंदन गोपाला' हे तीन पिक्चर प्रत्येक तालुक्याच्या गावी एकदा तरी मोठ्या पडद्यावर दाखवणं कठीण नाही, वर्षभर एवढे महोत्सव होतात त्याच्या मांडवाच्या खर्चात होऊन जाईल.

आमचं म्हणाल तर आम्ही गावात ठरवलं आहे. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते, सकाळी गाव झाडतो, दुपारी पंगत असते. यावर्षी संध्याकाळी समाजमंदिरासमोर 'देवकीनंदन गोपाला' लावायचा आहे. प्रोजेक्टर शाळेचा मिळते, पडदा शिवून घेऊ, सतरंज्या आणि जनरेटर गावातलेच. अडचण एकच, पिक्चरची चांगली प्रत आणि रीतसर परवानगी. हक्क कोणाकडे आहेत, प्रत कोणाकडे मागायची, पैसे किती भरायचे याचा पत्ता लागून राहिला नाही, दोन तीन ठिकाणी विचारलं तर त्यांनी दुसरीकडे बोट दाखवलं. आपल्या वाचकांपैकी कोणी या धंद्यातलं असेल, कोणाला माहिती असेल, त्यांनी कृपा करून आपल्या कार्यालयात कळवावं, माझा पत्ता आणि फोन नंबर मी सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे. पत्र छापलं नाही तरी चालेल पण ही शेवटची विनंती तेवढी छापा.

आपला,
एक कास्तकार वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती